आरसा, खडू आणि सहा बाहुल्या : लहान मुलांच्या ‘स्व-ओळख’ संचाचे परीक्षण

लहान मुलांनी स्वतःला आहे तसे स्वीकारावे आणि दुसऱ्याच्या वेगळेपणाला मोल द्यावे, या हेतूने तयार केलेले खेळसंच अलीकडे बरेच दिसू लागले आहेत. त्यांपैकी ३ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीचा एक संच मी माझ्या बालवर्गात काही महिने वापरला. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक संचांची घडण थोड्याफार फरकाने अशीच असते आणि पुढील निरीक्षणे त्यांपैकी कोणताही संच पारखताना उपयोगी पडावीत अशी अपेक्षा आहे. खोक्यात हातात धरायचा एक आरसा, त्वचेच्या २४ छटांचे मेणाचे खडू, चेहऱ्याची फक्त बाह्यरेषा छापलेले कागद, सहा बाहुल्या, भावनांची चित्रकार्डे, एक गोष्टीचे पुस्तक आणि मोठ्यांसाठी मार्गदर्शिका एवढ्या वस्तू आहेत. माझे मत आधीच सांगून टाकते : यातील ज्या वस्तू मुलाला स्वतःकडे आणि दुसऱ्याकडे नीट पाहायला लावतात त्या उत्तम आहेत, आणि ज्या ‘तू किती छान आहेस’ हे सांगायला धावतात त्या खोक्यातच राहिल्या तरी फारसे बिघडत नाही.

सुरुवात खडूंपासून करते, कारण संचाचे खरे मोल त्यांच्यातच आहे. मुलांच्या रंगपेटीत ‘कातडीचा रंग’ म्हणून एकच फिकट गुलाबीसर खडू असण्याचा काळ फार मागे गेलेला नाही. क्रेयोला या अमेरिकी कंपनीच्या पेटीत अशा खडूचे नाव ‘फ्लेश’ असे होते, ते बदलून १९६२ साली ‘पीच’ करण्यात आले. त्वचेच्या निरनिराळ्या छटांचा छोटा संच त्याच कंपनीने १९९२ साली काढला आणि २४ छटांचा संच येण्यासाठी २०२० साल उजाडले. एवढ्याशा खडूला इतके महत्त्व कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांनी केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे १९४० च्या दशकातील काम आठवून पाहावे. गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्यांपैकी कोणती आवडते हे मुलांना विचारण्याचा त्यांचा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो, कारण अमेरिकेतील शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा संदर्भ घेण्यात आला. परंतु त्याच मालिकेत त्यांनी रंगवण्याचीही एक चाचणी घेतली होती, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. कृष्णवर्णीय मुलांना पान, सफरचंद, संत्रे, उंदीर, मुलगा आणि मुलगी यांची रेखाचित्रे आणि खडूंची पेटी दिली गेली. पान, फळे आणि उंदीर मुलांनी योग्य रंगात रंगवले, म्हणजे रंगांची जाण पक्की आहे याची खात्री झाली, की मग स्वतःसारखे दिसणारे मूल रंगवायला सांगितले जाई. सफरचंद बिनचूक रंगवणाऱ्या काही मुलांनी स्वतःला मात्र प्रत्यक्षापेक्षा फिकट रंगवले, तर काहींनी भलतेच रंग निवडले. त्यांना रंग दिसत नव्हता असे नाही. स्वतःचा रंग कागदावर उतरवायला त्यांचे मन तयार नव्हते.

म्हणूनच खडूंनी एकच काम करायचे असते, ते म्हणजे आपला रंग शोधणे हा मुलासाठी परीक्षेचा विषय न राहता कुतूहलाचा विषय व्हावा. या संचातील खडू ते काम चांगले करतात. मूल आधी एक खडू उचलून हाताच्या पाठीवर धरते, तो जुळत नाही, दुसरा धरते, तोही जुळत नाही. मग कागदावर एकावर एक दोन खडू घासून पाहते. या धडपडीत त्याला जे सापडते ते कोणत्याही उपदेशातून सापडले नसते : तळहात आणि हाताची पाठ यांचा रंग वेगळा आहे, कोपर त्याहून गडद आहे, बाहीखालची त्वचा बाहीबाहेरच्या त्वचेसारखी नाही. आमच्या वर्गातील एका मुलाने कोपरासाठी वेगळा खडू मागितला, आणि मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापली कोपरे वळवून पाहिली. प्रत्येकालाच तीन-तीन, चार-चार खडू लागतात हे एकदा दिसले, की ‘कोण जास्त उजळ’ ही स्पर्धा मुलांच्या दृष्टीने चालवणेच अवघड होते, कारण स्पर्धेत नेमके काय मोजायचे हेच ठरत नाही.

इथे निर्मात्याने केलेली एक चूक मात्र मोठी आहे. खडूंना नावे नाहीत, केवळ आकडे आहेत, आणि १ हा आकडा सर्वांत फिकट छटेला, तर २४ हा सर्वांत गडद छटेला दिला आहे. मोठ्यांच्या दृष्टीने ही निव्वळ क्रमवारी असेल. पाच वर्षांच्या मुलाच्या जगात मात्र एक नंबर म्हणजे पहिला नंबर, आणि शेवटचा आकडा म्हणजे मागे पडलेला. ज्या संचाचा हेतू छटांमधील उतरंड मोडण्याचा आहे, त्याने प्रत्येक खडूच्या वेष्टनावर ती उतरंड छापून ठेवावी, याला काय म्हणावे? मी सगळी वेष्टने सोलून टाकली आणि खडू एका पसरट डब्यात मिसळून ठेवले. त्यानंतर मुले आकडा न मागता खडूकडे बोट दाखवून ‘तो, त्याच्या बाजूचा’ असे मागू लागली, आणि हाच संवाद मला हवा होता.

आरसा ही दुसरी महत्त्वाची वस्तू आहे. साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात बहुतेक मुले आरशातील प्रतिमा स्वतःची असल्याचे ओळखू लागतात. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला रंगाचा ठिपका लावून ते आरशात पाहिल्यावर स्वतःच्या नाकाला हात लावते का, हे तपासण्याची पद्धत १९७२ सालापासून बालमानसशास्त्रात रूढ आहे. मात्र ओळखणे वेगळे आणि निरखणे वेगळे. आठवणीतून चेहरा काढायला सांगितला की चार-पाच वर्षांचे मूल ठरावीक चेहरा काढते : गोल, दोन ठिपके, हसरी कमान. तेच मूल आरसा समोर ठेवून काढू लागले की पडलेला दात येतो, हनुवटीवरचा तीळ येतो, एका बाजूला उभे राहिलेले केस येतात. आमच्या वर्गातील एका मुलीच्या गालावर जन्मखूण आहे. तिने आधी गाल रिकामाच ठेवला होता. आरशाजवळ बराच वेळ थांबून तिने शेजारच्या मुलाला विचारले, की ही खूण सगळीकडे एकसारखी आहे का. त्याने जवळ येऊन पाहिले आणि मधे गडद, कडेला फिकट असल्याचे सांगितले. तिने दोन खडू घेऊन ती तशी रंगवली, आणि कडेच्या फिकट भागासाठी कोणता खडू घ्यावा यावर दोघांचे थोडे भांडणही झाले. मी त्यात काहीही बोलले नाही. तिथे मोठ्या माणसाने ‘तुझी खूण किती सुंदर आहे’ असे म्हटले असते, तर त्या खुणेबद्दल काहीतरी बोलावेच लागते, हे तिला कळले असते.

आरशाची कल्पना चांगली असली तरी वस्तू म्हणून तो सुमार आहे. पातळ प्लॅस्टिकचा असल्यामुळे हातात धरल्यावर तो किंचित वाकतो आणि चेहरा आडवा ताणला जातो. मुले त्यावर पोट धरून हसतात, यात गैर काही नाही, पण स्वतःला आहे तसे पाहण्यासाठी दिलेल्या आरशाने निदान आहे तसे तरी दाखवायला हवे. मी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्यावर प्रतिमा सरळ झाली. त्यावर ओरखडेही लवकर उमटतात, तेव्हा कोरड्या कापडाऐवजी ओल्या मऊ फडक्याने पुसावा.

बाहुल्यांविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण असे संच विकत घेतले जातात ते प्रामुख्याने त्यांच्याकडे पाहून. सहा बाहुल्यांपैकी एकीला चष्मा आहे, एकीला श्रवणयंत्र, एक चाकांच्या खुर्चीत आहे, एकीचा पाय कृत्रिम आहे, एकीच्या अंगावर कोडाचे डाग आहेत आणि एकीला डाउन सिंड्रोम आहे. खेळण्यांच्या दुनियेत ही गोष्ट तशी नवी आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली काही पालकांनी ‘टॉय लाइक मी’ ही मोहीम सुरू करून खेळण्यांमध्ये अपंग मुले कुठेच का दिसत नाहीत असा प्रश्न विचारला. लेगोने चाकांच्या खुर्चीतील छोटी आकृती २०१६ साली आणली. बार्बीच्या ‘फॅशनिस्टाज’ मालिकेत चाकांची खुर्ची आणि कृत्रिम पाय २०१९ साली, तर डाउन सिंड्रोम असलेली बाहुली २०२३ साली आली. त्या तुलनेत या संचातील बाहुल्यांची घडण सफाईदार आहे. विशेषतः डाउन सिंड्रोम असलेल्या बाहुलीचा चेहरा विडंबन वाटू न देता काळजीपूर्वक घडवला आहे, आणि कोडाचे डाग रंगाने वर थापलेले नसून प्लॅस्टिकमध्येच मुरवलेले असल्यामुळे ते खरवडून जात नाहीत.

दोष आहे तो एका बाहुलीला एकच वेगळेपण देण्यात. शाळापूर्व वयातील मुले वस्तूंची वर्गवारी करताना बहुधा एका वेळी एकाच गुणाकडे पाहतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या कामामुळे आता शिक्षकांच्या नित्याच्या परिचयाचे झाले आहे. त्यामुळे सहा बाहुल्या हाती येताच मुलांनी त्यांना ‘चश्म्यावाली’, ‘खुर्चीवाली’, ‘डागवाली’ अशी नावे दिली आणि ती नावे तशीच चिकटली. खुर्चीतल्या बाहुलीला चष्मा लावून पाहावा असे एका मुलाला वाटले, तर चष्मा कायमचा चिकटवलेला निघाला. चष्मा आणि खुर्ची सुटी असती, कोणत्याही बाहुलीला लावता आली असती आणि काढता आली असती, तर ते नाव कोणा एकीला इतके घट्ट चिकटले नसते. यावर मी केलेला उपाय साधा होता : प्रत्येक बाहुलीला मुलांकडूनच नाव, आवडता खेळ आणि भीती वाटणारी एक गोष्ट ठरवून घेतली. खुर्चीवाली मग काळोखाला घाबरणारी आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी झाली, आणि वर्गात तिच्याबद्दल बोलताना खुर्चीचा उल्लेख हळूहळू कमी झाला.

खुर्चीची चाके फिरतात, हे मात्र फार चांगले केले आहे. त्यामुळे खेळात खऱ्या अडचणी निर्माण होतात, आणि वेगळेपणाबद्दल सर्वाधिक समज त्या अडचणींतूनच येते. मुलांनी ठोकळ्यांचे घर बांधले आणि खुर्ची दारातून आत जाईना. एकाने बाहुलीला उचलून आत ठेवण्याचा तोडगा काढला, त्यावर दुसरीने विचारले, ती रोज रोज कोणाची वाट बघणार? शेवटी भिंत पाडून दार रुंद करण्यात आले आणि त्यासाठी लागणारे ठोकळे दुसऱ्या गटाच्या मनोऱ्यातून काढल्यामुळे तिथे वेगळेच रण माजले. हा प्रसंग पाहताना १९९७ सालची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. मॅटेल कंपनीने त्या वर्षी चाकांच्या खुर्चीतील ‘बेकी’ ही बार्बीची मैत्रीण बाजारात आणली, आणि बार्बीच्या घराच्या लिफ्टमध्ये तिची खुर्ची मावत नसल्याचे सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) असलेल्या एका शाळकरी मुलीने निदर्शनास आणून दिले. बाहुली वेगळी घडवायची आणि घर पहिलेच ठेवायचे, हा त्या वेळचा घोळ होता. या संचात घरच दिलेले नाही, त्यामुळे मुलांना ते स्वतः बांधावे लागते, आणि माझ्या मते ही उणीव संचाच्या पथ्यावरच पडली आहे.

भावनांची चित्रकार्डे ठीक आहेत. अशी कार्डे सगळीकडेच मिळतात.

गोष्टीच्या पुस्तकाबद्दल मात्र माझा आक्षेप गंभीर आहे. लांब चोचीच्या एका पिल्लाला बाकीचे पक्षी हसतात, खेळायला घेत नाहीत, पुढे एक अंडे खोल फटीत पडते, लांब चोच ते बाहेर काढते आणि मग सगळे त्याला डोक्यावर घेतात, अशी ती गोष्ट आहे. चित्रे देखणी आहेत. परंतु असल्या गोष्टींचा अर्थ मुले अचूक लावतात : वेगळे असणे तेव्हाच चालते, जेव्हा ते इतरांच्या कामी येते. अंडे पडलेच नसते तर त्या पिल्लाचे काय झाले असते, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही, आणि जे पक्षी इतके दिवस हसत होते त्यांना काही बोलावे असेही कोणाला वाटत नाही. जन्मखूण, तोतरेपणा किंवा कोड यांचा इतरांना काही उपयोग नसतो आणि तो असण्याची गरजही नसते. मी वर्गात हे पुस्तक अंडे पडण्याआधीच थांबवते आणि पुढे काय व्हावे हे मुलांना विचारते. उत्तरे अर्थातच नाना परींची येतात. ‘दुसऱ्या झाडावर जावे’ हे त्यातले मला सर्वांत शहाणे वाटलेले उत्तर.

आता मार्गदर्शिकेकडे वळते. ही पुस्तिका मोठ्यांसाठी आहे आणि संचातील सर्वांत दुबळा भाग तीच आहे. तिच्यातील मुख्य उपक्रम असा, की मुलाने रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी सुंदर आहे, मी खास आहे, मी सर्वोत्तम आहे’ असे म्हणावे आणि पालकांनी त्याच्या प्रत्येक कृतीची भरभरून तारीफ करावी. यामागचा सद्हेतू मान्य आहे, पण या विषयावर जे संशोधन झाले आहे ते अशा उत्साहाला लगाम घालणारे आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, ज्या तरुणांचे स्वतःबद्दलचे मत मुळातच खालावलेले होते त्यांना अशी गौरववाक्ये घोकल्यावर आणखी वाईट वाटल्याचे दिसून आले. नेदरलँड्समधील २०१४ चा अभ्यास तर मुलांवरच झालेला आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढली, त्यानंतर काहींना साधे कौतुक मिळाले, काहींना अतिशयोक्त, काहींना काहीच नाही. पुढे सोपी किंवा अवघड चित्रे निवडायला सांगितल्यावर, आत्मविश्वास कमी असलेल्या ज्या मुलांना अतिशयोक्त कौतुक मिळाले होते ती अवघड चित्रांपासून दूर राहिली. इतके उंच चढवल्यावर खाली पडण्याची भीती वाटणारच. दोन्ही अभ्यासांतील माणसे बालवर्गातील मुलांपेक्षा मोठी आहेत, तेव्हा त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत; तरीही ज्या मुलाला या संचाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच हा उपक्रम जाचू शकतो, एवढी शंका रास्त ठरते. माझ्या वर्गात ती वाक्ये मुलांनी पाढ्यासारखी एका सुरात म्हटली आणि ‘सर्वोत्तम’ एकाच वेळी सगळे कसे असतील, असे एका मुलाने विचारल्यावर मी तो उपक्रम बंद केला.

मार्गदर्शिकेचा दुसरा आग्रह असा, की मुलाने कोणाच्या वेगळेपणाविषयी प्रश्न विचारला तर ‘आपण सगळे आतून सारखेच असतो’ असे उत्तर द्यावे. हे उत्तर खरे असले तरी ते त्या प्रश्नाचे उत्तर नाही. त्या बाईंचा हात असा का, असे विचारणाऱ्या मुलाला आतल्या सारखेपणाविषयी काही जाणून घ्यायचे नसते, हाताविषयी जाणून घ्यायचे असते. ‘काहींचे हात जन्मतःच असे असतात, त्या त्यांच्या पद्धतीने कामे करतात’ एवढे शांतपणे, नेहमीच्या आवाजात सांगितले की मुलाचे समाधान होते आणि ते पुढच्या प्रश्नाकडे किंवा खेळाकडे वळते. याउलट विषय टाळला, डोळे वटारले किंवा घाईघाईने गोड तत्त्वज्ञान सांगितले, तर ज्याबद्दल बोलू नये असे काहीतरी त्या माणसात आहे, एवढेच मुलाच्या ध्यानात राहते. आणि उद्या त्याला स्वतःत काही वेगळे जाणवले, तर तेही ते कोणाजवळ बोलणार नाही.

या पुस्तिकेतील एक पान मात्र जपून ठेवण्यासारखे आहे. त्यात प्रश्न आणि टोमणा यांतील फरक नीट उलगडला आहे. ‘तुझ्या कानात काय आहे?’ हा प्रश्न आहे, त्याला उत्तर द्यावे किंवा देऊ नये हे त्या मुलाने ठरवावे, आणि ‘मला आत्ता सांगायचे नाही’ हेही चांगले उत्तर आहे, असे त्याला आधीच सांगून ठेवावे. टोमण्याला मात्र उत्तर देण्याची जबाबदारी त्या मुलावर टाकू नये. तिथे मोठ्या माणसाने मधे पडून टोमणा मारणाऱ्याला थांबवावे. इतके नेमके लिहिणाऱ्या माणसाकडूनच बाकीची पुस्तिका लिहून घेतली असती तर बरे झाले असते.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात. श्रवणयंत्राचा बारीक तुकडा बाहुलीच्या कानात नुसता खोचलेला आहे आणि तो सहज निघतो. अमेरिकेच्या नियमांनुसार ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातील तुकडा सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो; हा तुकडा तर त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. खोक्यावर वयाची सूचना असली तरी घरात किंवा वर्गात तान्हे भावंड येत असेल, तर तो काढून वेगळा ठेवावा.

एका मुलासाठी घरी घ्यायचा असेल तर पूर्ण संचाची गरज नाही. चेहरा सरळ दाखवणारा, न फुटणारा चांगला आरसा आणि त्वचेच्या छटांचे खडू सुटे घ्यावेत, आणि मुलासोबत बसून स्वतःचाही चेहरा रंगवावा, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट. वर्गासाठी मात्र बाहुल्यांसह घेण्यासारखा आहे, कारण त्यांचा खरा खेळ चार-पाच मुले एकत्र आली की मगच रंगतो. मधल्या छटांचे खडू इतरांच्या आधी झिजून संपतात, आणि या संचाचे सुटे खडू वेगळे मिळत नाहीत; दुसऱ्या कोणाचा संच घेणार असाल तर ही चौकशी आधीच करून ठेवावी.